टेशीतल्या खोल्या मी रद्द केल्या

मृणाल,

तुझ्या अंत्यविधीला केक होता. कॉफी आणि प्रत्येकाला केकचा एक पातळ काप, इथल्या डच रीतीप्रमाणे. दाहगृहाच्या त्या काचेच्या हॉलमध्ये आपली सगळी मराठी मंडळी हातात बशी धरून उभी, आणि खायचा की नाही ते कुणालाच कळेना. गौरी माझ्या कानाशी येऊन कुजबुजली, "शुभदा, चालतं का गं खाल्लं तर?" मी खेकसले, "मला काय विचारतेस? मी काय भटजी आहे?" मग सवयीनं मान वळवून मी तुला शोधायला लागले. असल्या वेळी काय करायचं ते तू ठरवायचीस ना. पहिला तुकडा तूच उचलला असतास आणि म्हणाली असतीस, "खा गं, कुणीतरी कापून ठेवलाय." मी खाल्ला.

मला बोलायलाही सांगितलं होतं. सगळ्यात जवळची मैत्रीण म्हणून. मी पुण्याच्या हॉस्टेलातले किस्से सांगितले, तू घरमालकाशी मोडक्या डचमध्ये भांडायचीस त्याची नक्कल केली. लोक हसले, मग रडले. तुझे सुधीरदादा पुण्याहून आदल्याच दिवशी पोचले होते. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाले, "तुझ्यासारखी मैत्रीण तिला मिळाली, हे तिचं भाग्य." भुईनं पोटात घ्यावं असं झालं मला. कारण जे सांगायला हवं होतं ते सोडून मी बाकी सगळं सांगून बसले होते.

तर आता सांगते. गेल्या ऑक्टोबरात आपण अक्राला गेलो, तेव्हा टेशीतल्या घरातलं आपलं बुकिंग आँटी अकोसुआंनी रद्द केलं नव्हतं. ते मी केलं होतं.

एवढंच. एका श्वासात संपतं. दहा महिने माझ्या तोंडून निघालं नाही.

चिडू नकोस म्हणायचा मला हक्क नाही. चीड. खरं तर तू चिडली असतीस तर किती बरं झालं असतं! पाव तास आरडाओरडा केला असतास, "शुभे, तू मूर्ख आहेस" असं तीन-चार वेळा म्हणाली असतीस आणि मग स्वतःची बॅग उचलून एकटी टेशीला गेली असतीस. बाकीचं आयुष्य सुरळीत चाललं असतं. हे मला तेव्हाही माहीत होतं. तरीसुद्धा.

मला आधी तुझ्या रॉटरडॅमच्या घराबद्दल बोलू दे, कारण ते आठवल्याशिवाय माझ्या निर्लज्जपणाचं माप कळायचं नाही. मी या देशात आले तेव्हा कंपनीनं दिलेली जागा महिनाभरातच संपली. माझा नवरा प्रसाद अजून पुण्यात होता. घर बघायला जावं तर एका घरासाठी चाळीस माणसं रांगेत. घराचा पत्ता नाही म्हणून गेमेंटेत, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, नोंद नाही, नोंद नाही म्हणून बँकेत खातं नाही, आणि खातं नाही म्हणून घर देत नाहीत. रडकुंडीला आले होते मी. तू म्हणालीस, "ये इकडे." तुझं एका बेडरूमचं घर. पलंग मला दिलास आणि स्वतः हॉलमध्ये गादी टाकून झोपलीस. तुझ्या पत्त्यावर माझी नोंद व्हावी म्हणून त्या घरमालकाशी तीनदा भांडलीस. अकरा आठवडे राहिले मी तुझ्याकडे. अकरा आठवड्यांत एकदाही तू विचारलं नाहीस, "जागा मिळाली का गं?"

पुढे एकदा मी तुला म्हटलं, "एकदा तरी विचारायचंस." तू म्हणालीस, "विचारलं असतं तर तू 'मिळेल आता, होतच आलंय' असं खोटं सांगितलं असतंस. कशाला तुला खोटं बोलायला लावू?"

त्या अकरा आठवड्यांबद्दल मी तुझी ऋणी आहे, आणि मनातून त्यांचा मला रागही यायचा. हेसुद्धा आज सांगून टाकते. दुसऱ्याच्या पलंगावर झोपायचं, त्याच्या टॉवेलशेजारी आपला टॉवेल वाळत घालायचा, त्यानं वाढलेलं निमूट खायचं, हे मिंधेपण मला पुन्हा कधी नको होतं. म्हणूनच बहुतेक मी पुढे जागा शोधण्यात इतकी तरबेज झाले. बुइटनव्हेल्डर्टला स्वतःचं घर घेतलं तोवर आपल्या ग्रुपची मी अधिकृत बुकिंगवाली झाले होते. लिस्बन असो की टेनेरिफ, शुभदाचा तक्ता आधी. समुद्र किती चालत, किचन आहे का, शाकाहाराची सोय काय, परीक्षणांत झुरळ शब्द किती वेळा आलाय. आणि माझी ती सुप्रसिद्ध पद्धत: एकाच तारखांना तीन जागा धरून ठेवायच्या, फ्री कॅन्सलेशनची शेवटची तारीख कॅलेंडरात टाकायची, आणि त्या दिवशी दोन सोडून द्यायच्या. आपल्यातले सगळेच करतात. गौरी तर चार धरते.

तुला ते कधीच पटलं नाही. "समोर माणूस असतं गं," तू म्हणायचीस. "तुझ्यासाठी चादरी धुवून बसलेलं असतं." मी म्हणायचे, "सिस्टिममध्ये सोय दिली आहे म्हणजे ती वापरण्यासाठीच दिली आहे." तू म्हणायचीस, "सोय आहे म्हणून काय वाट्टेल ते करायचं का?" हे आपलं भांडण लिस्बनपासून चाललं होतं आणि कुणीच जिंकलं नव्हतं.

अक्राचं मात्र तुझं होतं. घानाच्या बंदरात तुझ्या रॉटरडॅमच्या कंपनीचं सॉफ्टवेअर बसवायला तू सहा महिने तिथे राहून आलीस. पहिले दोन आठवडे कंपनीनं दिलेल्या हॉटेलात काढलेस आणि मग कंटाळून अक्राच्या पूर्वेला टेशीला, आँटींच्या घरी राहायला गेलीस. आँटी म्हणजे अकोसुआबाई, निवृत्त शाळामास्तरीण, नवरा वारलेला, अंगणाभोवती भाड्यानं द्यायच्या तीन खोल्या, आणि गल्लीच्या टोकाला समुद्र. तिथे तुला मलेरिया झाला, तेव्हा त्या आठवडाभर उशाशी बसल्या. तू मासे खात नाहीस म्हणून लाल पामतेलातली चवळी तुझ्यासाठी वेगळ्या भांड्यात शिजवायच्या आणि त्यावर तळलेली पिकली केळी. परत आलीस तेव्हा दोन महिने तुझ्या तोंडी दुसरा विषय नव्हता. "तुम्हाला एकदा नेणार आहे मी," म्हणायचीस. "माझी आई गेल्यापासून मला असं कुणी दटावलं नव्हतं."

शेवटी ऑक्टोबरच्या सुट्टीत ठरलं. आम्ही दोघं, गौरी-केदार आणि तू. पिवळ्या तापाची लस घेऊन दोन दिवस दंड चोळत बसलो होतो, आठवतं? मी नेहमीप्रमाणे तक्ता उघडला. खरं सांगते, मला मजा यायला लागली होती. ओसूत राहिलं तर खाण्यापिण्याची चंगळ पण गोंगाट, विमानतळाच्या बाजूला शांतता पण समुद्र लांब, लाबाडीचा किनारा शनिवार-रविवारी ढोलताशांनी भरलेला, कोक्रोबिते निवांत पण तिथल्या समुद्राला ओढ फार. तू हसून म्हणालीस, "जाऊन आल्यासारखी बोलतेस गं! पण राहायचं टेशीलाच." मी म्हटलं, "अर्थात!"

आँटी तुला म्हणत होत्या, साइटवरून कशाला, नुसतं सांग आणि ये. मी हटून बसले की नाही, रीतसर बुकिंग करू, उगाच गोंधळ नको. तुला वाटलं हा माझा काटेकोरपणा. रद्द करायचं बटण माझ्या हातात राहावं म्हणून होतं ते. लाबाडीजवळच्या मोठ्या हॉटेलातल्या खोल्याही मी त्याच दुपारी धरून ठेवल्या होत्या.

मग गौरीनं फोटो पाहिले. सिमेंटचं अंगण, पाण्याची निळी टाकी, भिंतीपाशी दोन शेळ्या, न्हाणीघरात बादली. तिचा फोन आला. "घरगुती म्हणजे नेमकं काय गं? पाणी असतं ना? आणि त्याच भांड्यांत मासेबिसे..." मी तिची समजूत घातली आणि फोन ठेवल्यावर मनात म्हटलं, बरं झालं, हिनंच विषय काढला.

गौरीच्या डोक्यावर खापर फोडायचं नाहीये मला. मला स्वतःलाच नको होतं. बादलीचं काय घेऊन बसलीस, बावीस वर्षं मी बादलीनंच आंघोळ केली आहे. ते घर एखाद्या डच बाईचं असतं ना, तर मी त्याच शेळ्यांचे फोटो "किती गोड" म्हणून ग्रुपवर टाकले असते. एका काळ्या बाईच्या घरात पाहुणी म्हणून राहायचं, तिच्या हातचं खायचं, तिचे आभार मानायचे, ते मला जड जात होतं. हॉटेलात मी गिऱ्हाईक असते, मान ताठ असते. हे मी तेव्हा स्वतःशीही कबूल केलं नव्हतं. पण माहीत होतं. माहीत नसतं तर लपवलं कशाला असतं?

फ्री कॅन्सलेशनच्या शेवटच्या दिवशी, ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीत, एका हातात सँडविच धरून मी ते बटण दाबलं. साइटनं कारण विचारलं. मी "योजना बदलली" निवडलं. अर्ध्या मिनिटात काम झालं.

आणि मग तुला काय सांगायचं ते सुचेना. म्हणून ग्रुपवर लिहिलं, "बॅड न्यूज. टेशीच्या बाईंनी आपलं कॅन्सल केलं. बहुतेक लग्नाची मोठी पार्टी मिळाली त्यांना, सगळ्या खोल्या तिकडे दिल्या. डोंट वरी, मी बॅकअप ठेवला होता." ती लग्नाची पार्टी कुठून आली कुणास ठाऊक! लिहिता लिहिता आली. केदारनं लगेच अंगठा टाकला. गौरीनं लिहिलं, "या लोकांचं असंच असतं बाई, भरवसा नाही." त्यावर मी काहीही बोलले नाही. वर हात जोडल्याची खूण टाकली, बॅकअपबद्दल सगळ्यांनी कौतुक केलं म्हणून.

तुझा फोन दोन तासांनी आला. "नक्की आँटींनीच केलं?"

मी म्हटलं, "मग मी काय खोटं बोलतेय का?" आणि आवाज चढवला.

तू म्हणालीस, "तसं नाही गं. तू कशाला खोटं बोलशील?"

मला वाटलं होतं, तू आँटींना विचारशील आणि मी तासाभरात पकडली जाईन. साइटचा घोळ झाला असेल, असं उत्तरही तयार ठेवलं होतं. पण तुझा हट्ट! "मी नाही विचारणार," म्हणालीस. "त्यांना मला सांगावंसं वाटलं असतं तर त्यांनीच आधी सांगितलं असतं." दोन दिवसांनी त्यांचा मेसेज आला, तो तू मला फोनवर वाचून दाखवलास. "बुकिंगचं मला दिसलं, काही हरकत नाही, मी समजू शकते. पण जेवायला तरी नक्की ये." मग म्हणालीस, "बघ, खोल्या दुसऱ्यांना देऊन वर जेवायला बोलावतायत." मला त्या मेसेजचा अर्थ तिथल्या तिथे कळला होता. तूच रद्द केलंस असं समजून त्या तुला माफ करत होत्या, मृणाल.

अक्रातले पाच दिवस. तू वाटाड्यासारखी सगळं दाखवत होतीस, टॅक्सीवाल्यांशी घासाघीस करत होतीस, गौरीला केळी खायला लावत होतीस, पण तुझा जीव त्यात नव्हता. लाबाडीच्या किनाऱ्यावर संध्याकाळी घोडेवाले फिरत होते, ढोल वाजत होते, प्रसाद पाण्यात गेला होता. तू वाळूत बसून पूर्वेकडे बघत होतीस. "ते तिथे, तो वळसा संपतो ना, तिथे टेशी," म्हणालीस. "टॅक्सीनं वीस मिनिटं."

आणि मग तू पर्समधून ती पिशवी काढलीस. वाचायचे दोन चष्मे. आँटींचा मोडला होता, तिथे चांगला मिळेना, म्हणून तू रॉटरडॅमहून नंबर विचारून दोन आणले होतेस, एक घरात आणि एक चर्चमध्ये न्यायला. "जाऊन येऊ का गं? बसायचं नाही. चष्मे देऊ आणि निघू."

तू त्यांच्या दारात उभी राहिलीस की दोन वाक्यांत सगळं उघडं पडणार होतं. मी म्हणाले, "कशाला? काही स्वाभिमान आहे की नाही तुला? त्यांनी तुझी किंमत केली का?"

तू पिशवी परत पर्समध्ये ठेवलीस. म्हणालीस, "खरं आहे."

रद्द केलं ते भित्रेपणानं केलं असं म्हणता येईल. ग्रुपवर लिहिलं ते घाईत लिहिलं असं म्हणता येईल. पण त्या वाळूत मी तुझा हात धरून तुला अडवलं, त्याला काय म्हणायचं? तुझा स्वाभिमान काढला मी. मी!

परत आल्यावर सांगायचं तीनदा ठरवलं. एकदा तर खास त्यासाठी रॉटरडॅमला आले. तू पिठलं केलं होतंस. मी घास हातात घेऊन म्हटलं, "मृणाल, अक्राचं..." तू मला पुढे बोलूच दिलं नाहीस. "सोड गं. पुढच्या वेळेला मला ठिकाण विचारू नका कुणी. साडेपाच महिने ज्या बाईच्या घरात राहिले ती मला ओळखता आली नाही." हे तू हसत म्हणालीस. ऑफिसात नवीन माणूस घ्यायचा होता, तर मुलाखत घेणाऱ्यांतून तू स्वतःचं नाव मागे घेतलंस, म्हणालीस की माझा अंदाज चुकतो माणसांचा. तुझा! रस्त्यात भेटलेल्या म्हातारीशी पाच मिनिटं बोलून तिची जन्मकुंडली सांगणारी तू. ते मी तुझ्याकडून काढून घेतलं, आणि पिठलं मागून मागून खाल्लं.

मग हॉस्पिटल. डोक्यातली रक्तवाहिनी फुटली, तीन दिवस, आणि संपलं. तिथली नर्स म्हणाली होती, तिच्याशी बोलत राहा, कधी कधी ऐकू जातं. मी बोलले. हवेबद्दल बोलले. सुधीरदादांना व्हिसा मिळाला, ते येतायत, हे सांगितलं. तुझ्या बाल्कनीतली कढीपत्त्याची कुंडी मी माझ्याकडे नेली आहे, हे सांगितलं. तुझे डोळे मिटलेले होते, तोंडात नळी होती, उलटून बोलायची तुला सोयच नव्हती, तरीही मला ते एक वाक्य बोलता आलं नाही. मनात म्हटलं, बरी झाली की सांगू.

गेल्या आठवड्यात सुधीरदादा आणि मी तुझं घर आवरत होतो. ते कपाट रिकामं करत होते, मी तुझा फोन घेऊन कुणाकुणाला कळवायचं त्याची यादी करत होते. मेसेजांच्या यादीत खाली आँटींचं नाव दिसलं आणि त्याच्यापुढे हिरव्या अक्षरांत "ड्राफ्ट". मी उघडलं. आँटींचे मेसेज एकाखाली एक. ऑक्टोबरातला: "तू अक्रात आलीस का? बिनमाशांची चवळी केली आहे." दुसऱ्या दिवशीचा: "उद्याही करेन." नाताळातला, ईस्टरचा. उत्तर एकालाही नाही. आणि खाली, न पाठवलेलं, तुझं: "आँटी, मला तुम्हाला एक विचारायचं आहे. तुम्ही त्या वेळी"

तिथेच थांबली होतीस.

आता जे लिहिते ते कुणालाच सांगितलेलं नाही, प्रसादलाही नाही. ते वाचल्यावर माझ्या मनात पहिली गोष्ट आली ती ही, की बरं झालं, पाठवलं नाहीस. तू गेलीस आणि मी सुटले. एक क्षणभरच, पण आलं मनात. तुझ्याच पलंगाच्या कडेवर बसले होते मी, ज्या पलंगावर तू मला अकरा आठवडे झोपवलंस. मग इतकी शरम वाटली की कानशिलं तापली आणि सुधीरदादांनी विचारलं, "काय झालं गं? बरं नाही का?"

मी फोन त्यांच्यापुढे धरला. त्यांनी वाचलं. "या कोण बाई? यांना कळवलं का?"

"नाही," म्हटलं. आणि मग, दादा, बसा जरा, म्हणून त्यांना सगळं सांगितलं. अगदी बटणापासून. त्यांनी ऐकून घेतलं. रागावले नाहीत, आणि माझा हातही धरला नाही या वेळी. उठून तुझे स्वेटर घडी करायला लागले. पाठमोरेच म्हणाले, "त्यांना फोन तू कर. मी हे खाली ठेवून येतो." आणि कपड्यांची खोकी घेऊन निघून गेले.

आणि मी बेअक्कल! मी तुझ्याच फोनवरून लावला. काय होईल याचा विचारच केला नाही. दुसऱ्या रिंगला आँटींनी उचलला आणि इतक्या आनंदानं ओरडल्या, "माय डॉटर! शेवटी आठवण झाली ना म्हातारीची!" त्या बोलतच होत्या, कुणाला तरी हाका मारत होत्या, तुझा फोन आलाय म्हणून. मी म्हटलं, "आँटी, मी मृणाल नाही. तिची मैत्रीण. शुभदा." आणि मग सांगितलं.

पलीकडे कुणीतरी खुर्ची ओढल्याचा आवाज आला. त्या रडल्या. मग त्यांनी विचारलं, "तिला माझा एवढा राग का आला होता? मी फार आठवून पाहिलं. माझ्या हातून काय झालं होतं?"

"तुमच्या हातून काहीही झालं नाही, आँटी," मी म्हटलं. आणि त्यांनाही सगळं सांगितलं. लग्नाची पार्टीसुद्धा. चष्मेसुद्धा. वाटलं होतं, शिव्या देतील, निदान फोन तरी आपटतील. त्यांनी एकच विचारलं, "तिला कळलं होतं हे?"

"नाही."

"म्हणजे मी तिची खोली दुसऱ्याला दिली, असं समजून ती गेली?"

"हो."

लांबून समुद्राचा आवाज येतोय की काय असं वाटत होतं, पण ते बहुधा फोनचंच काहीतरी असेल. मग त्या म्हणाल्या, शाळेत शिकवताना बोलत असतील तशा, एकेक शब्द वेगळा, "तुझ्याशी मी नंतर बोलेन. आज मला तिच्यासाठी रडायचं आहे. तू आधी तिला सांग."

मी म्हटलं, "आँटी, आता कसं सांगू?"

"तुमच्यात मेलेल्या माणसाशी जसं बोलत असतील तसं बोल. पण तिला हे माहीत असायला हवं." आणि त्यांनी मला जे तुझ्यापर्यंत पोचवायला सांगितलं ते तेवढंच पोचवते, माझं काही त्यात न घालता.

ऑक्टोबरात त्या पाच दिवसांत खोल्या मागायला तीन जण आले. बाकीच्या दोन खोल्या आँटींनी दिल्या. तुझी दिली नाही. बुकिंग रद्द झालेलं त्यांना दिसलं होतं, पण तू गावात येऊन घरी येणार नाहीस, हे त्यांना खरं वाटेना. त्यांनी गादीला ऊन दाखवलं, चादर घातली आणि तुला पुन्हा डास चावू नयेत म्हणून मच्छरदाणी रोज दिवेलागणीला सोडून ठेवली. खोली रिकामी होती, मृणाल. पाचही दिवस.